कुणाचा तरी माइक

पडद्यावर विखुरलेल्या ठिपक्यांच्या मधून रिग्रेशनची रेषा कशी काढायची, हे रेवती टिपणीस टी.वाय.च्या, शेवटच्या वर्षाच्या मुलांना समजावून सांगत होती, आणि तेवढ्यात तिला कुणीतरी रडल्याचा आवाज आला. मोठ्यानं रडणं नव्हतं ते. ओठ घट्ट मिटून, नाकानं श्वास ओढून आतल्या आत जिरवायला घेतलेला हुंदका होता, पण तो जिरला नाही. कुणाच्या तरी चालू राहिलेल्या माइकमधून सुटला आणि बोरीवलीच्या तिच्या बेडरूममध्ये, कपाट आणि खिडकीच्या मधे कसंबसं बसवलेल्या टेबलावरच्या लॅपटॉपमधून बाहेर पडला. हुंदक्याच्या मागे एक पंखा खडखडत होता. मग पंखाही थांबला, हुंदकाही. माइक बंद झाला होता. रेवती बोलता बोलता थबकली. तिच्यासमोर तिचीच स्लाइड होती. ती बाजूला सारून मुलांच्या चौकटी पुढे आणेपर्यंत सगळं पुन्हा होतं तसं झालं होतं. काळ्या चौकोनांच्या ओळी, प्रत्येकात एक गोल आणि गोलात नावाचं पहिलं अक्षर. कुणाला बरं वाटत नाहीये का, असं तिनं विचारलं. कुणी काही बोललं नाही. चॅटमध्येही काही उमटलं नाही. अशा वेळी काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं जे ठाऊक होतं ते केलं. स्लाइड परत पुढे आणली आणि रेषेचं समीकरण सांगायला लागली. आपला आवाज नेहमीसारखाच येतोय हे ऐकून तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली.

लेक्चर संपल्यावर ती तिथंच बसून राहिली. खिडकीतून नॅशनल पार्कची टेकडी दिसत होती, एप्रिलच्या उन्हानं करपलेली. खालच्या रस्त्यावरून अँब्युलन्स गेली. वर्षापूर्वी असा आवाज आला की माणसं गॅलरीत येऊन बघायची. आता कुणी येत नव्हतं. कोरोनाची दुसरी लाट होती. सोसायटीतले दोन दरवाजे सील झाले होते. तिचा नवरा श्यामसुंदर बँकेत होता, त्याला घाटकोपरच्या शाखेत जावंच लागायचं. संध्याकाळी आला की तो थेट बाथरूममध्ये शिरायचा आणि कपडे बादलीत बुडवूनच बाहेर यायचा. मुलगी गंधाली पलीकडच्या खोलीत असायची. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती ती. जेवायला बाहेर आली, काय झालं गं आई, असं विचारलं, काही नाही हे उत्तर ऐकून घेतलं आणि ताट उचलून परत आपल्या खोलीत गेली. तिचं हे नेहमीचंच होतं. रेवतीनं भात कालवला, पण घास काही उचलला नाही. तो हुंदका मुलीचा होता की मुलाचा, हेही तिला सांगता आलं नसतं. वर्गात असती तर एका नजरेत कळलं असतं. इतकी वर्षं अंधेरीच्या कॉलेजात शिकवताना ती फळ्याकडे पाठ करून उभी राहिली की तिला चेहरे वाचता यायचे. कोण उपाशी आलंय, कोण भांडून आलंय, कुणाला काही कळत नाहीये आणि तरी मान डोलावतंय. तिला वाटायचं आपण संख्याशास्त्र शिकवतो. प्रत्यक्षात आपण अर्धा वेळ तोंडं बघत होतो, हे तिला तोंडं दिसेनाशी झाल्यावर कळलं.

आणि मग नळाचा आवाज आठवला. विलेपार्ल्याच्या दोन खोल्यांत ती वाढली होती. तीही टी.वाय.लाच होती तेव्हा आई गेली. घरात माणसांची ये-जा, रडायला जागाच नाही. दिवस होऊन गेले, माणसं पांगली, तरी जागा सापडली नाही, कारण वडील त्याच खोलीत असायचे, पेपर धरून. म्हणून ती मोरीत जायची, नळ सोडायची आणि बादलीत पाणी पडत असतानाच्या आवाजात रडून घ्यायची. एकदा जरा जास्त वेळ झाला. दाराबाहेर वडिलांची, भाऊरावांची चप्पल वाजली. ते दाराशी येऊन उभे राहिले, खाकरले, आणि म्हणाले, ‘‘पाणी जातंय गं.’’ एवढंच. पाणी ठरल्या वेळीच यायचं, ते वाया जाऊ नये हे खरंच होतं. पण त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, हेही तिला त्या खाकरण्यावरून कळलं होतं. तिनं नळ बंद केला, तोंड धुतलं, बाहेर येऊन चहा टाकला. दोघांनी तो न बोलता प्यायला. त्यांच्यावर तिचा राग कधीच नव्हता. फक्त आज, गार झालेला भात समोर असताना, तिला वाटलं की कुणीतरी हुंदका दिला आणि आपण समीकरण सांगत राहिलो, म्हणजे आपणही तेच वाक्य बोललो.

दुपारी तिनं फोन करायला घेतले. पहिला श्वेताला, कारण श्वेता ही वर्गातली सर्वांत आधी उत्तर देणारी मुलगी आणि गेले काही दिवस तिची उत्तरं येत नव्हती. वाकोल्याला राहायची. फोन उचलल्या उचलल्या तिचा आवाज खाली गेला, मागचे आवाज कमी होत गेले, पावलं ऐकू आली. ती कुठंतरी बाहेर येत होती. रेवतीनं प्रश्न मनात दोन-तीन प्रकारांनी जुळवून ठेवला होता, पण तो विचारायची वेळच आली नाही.

‘‘मॅडम, ऐकू गेलं का ते?’’ श्वेता म्हणाली. ‘‘मला वाटलं माइक बंद आहे.’’

मग ती बोलत राहिली. तिचे वडील लवू जुहूच्या एका हॉटेलात किचनमध्ये होते. हॉटेल बंद पडल्यापासून घरीच. एका खोलीत ते, आई शेवंती, आजी आणि धाकटा भाऊ. श्वेता लेक्चरला चाळीच्या जिन्यात वर जाऊन बसायची, पाण्याच्या टाकीपाशी, तिथं रेंज चांगली यायची. पण यातल्या कशानंच ती रडली नव्हती. ती रडली कारण तिला रिग्रेशन कळलं नाही. ‘‘मला आजवर असं झालंच नव्हतं, मॅडम. तुम्ही बोलत होता, शब्द कळत होते, पण आत काही जातच नव्हतं. डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं. मला वाटलं, एवढं एकच माझ्याकडे होतं, तेही गेलं.’’ रेवतीनं सांगितलं की ते गेलेलं नाही, दमलंय. हे वाक्य कुठून आलं तिला कळलं नाही, पण पलीकडे श्वेतानं मोठा श्वास सोडला तो ऐकू आला. त्या संध्याकाळी रेवती हलकी झाली. आवाज कुणाचा ते कळलं होतं, बोलणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टच्या कामासाठी तिनं नितेशला फोन केला. मुलुंडचा हा मुलगा, वर्गाचा विदूषक. लेक्चर चालू असताना चॅटमध्ये काहीतरी टाकून सगळ्यांना हसवणारा. प्रोजेक्टचं बोलून झालं, आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘‘मॅडम, ते कालचं सॉरी हं. आमचा पंखा जरा जास्तच आवाज करतो.’’ रेवतीच्या हातातला फोन कानाशी तसाच राहिला. हुंदक्यामागे पंखा होता, आणि श्वेता तर जिन्यात बसायची; तिथं पंखा कुठला? त्याची आजी मार्चमध्ये गेली होती. लहानपणापासून तो तिच्याच कुशीत झोपलेला. शेवटचं बघायलाही मिळालं नव्हतं. घरात आईबाबा कोसळू नयेत म्हणून तो दिवसभर जोक करायचा आणि लेक्चरमध्ये, काळ्या चौकोनामागे, तेवढा एक तास त्याला सुट्टी मिळायची. तो असं म्हणाला नाही. तो म्हणाला, तुमच्या लेक्चरला मला बरं पडतं, मॅडम. आंघोळ करावीशी वाटत नाही, दात घासावेसे वाटत नाहीत, याची त्याला सर्वांत जास्त लाज वाटत होती. रेवती त्याला म्हणाली, ‘‘आज आंघोळ केलीस तरी पुष्कळ झालं रे. तेवढंच कर. बाकीचं राहू दे.’’

मग तिनं ठरवून सगळ्यांना फोन लावले. कुणाला सकाळी, कुणाला दुपारी, बेडरूमचं दार लोटून घेऊन. जुहूची मानसी, आई-वडील दोघंही डॉक्टर, ते हॉस्पिटलजवळच राहत होते, मुलीला लागण होऊ नये म्हणून. ती एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकटी. दिवसासुद्धा सगळ्या खोल्यांतले दिवे लावून ठेवते, असं तिनं हसत सांगितलं आणि हसणं मधेच तुटलं. तीही म्हणाली, मॅडम, ती मीच असेन. आणखी एकीनं नुसतं ‘सॉरी’ म्हणून फोन ठेवला आणि मग स्वतःच परत केला. त्या एका आवाजाला इतके धनी निघतील असं रेवतीच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे त्या सकाळी, ती ठिपक्यांमधून रेषा ओढत असताना, एका वेळी किती चौकोनांच्या मागे काय काय चाललं होतं. आणि प्रत्येकजण स्वतःचा माइक तपासत बसला होता, आपलंच फुटलं की काय म्हणून. अंधेरीचा देवदत्त मात्र तेवढा नाही म्हणाला. अबोल मुलगा, घुम्या म्हणावा असा. तो म्हणाला, ‘‘मी नव्हतो. पण ऐकलं मी. आणि मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण मला ते ऐकून बरं वाटलं. मला वाटत होतं फक्त माझंच बिघडलंय.’’

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते तिच्याबरोबर फिरत राहिलं. पुढच्या लेक्चरला तिनं स्लाइड लावलीच नाही. त्या दिवशी एक आवाज आला होता, तिनं सांगितलं. मी फोन केले, तर तो आवाज माझा होता असं म्हणणारे बरेच निघाले. नावं मी सांगणार नाही, आणि खरा कुणाचा होता तेही आता मला शोधायचं नाही. यापुढे तिनं काहीच ठरवलं नव्हतं. काळे चौकोन तसेच होते. मग एक चौकोन उजळला. निळी प्लॅस्टिकची टाकी, तिच्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसलेली श्वेता, गुडघ्यावर वही, केस तेल लावून घट्ट बांधलेले. ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. ती जागा तिनं कुणालाच दाखवली नव्हती. मग नितेश आला, दाढी वाढलेला, मागे घड्या करून ठेवलेल्या गोधड्यांची चळत. मग मानसी, मागे भकभक उजेड. मग एकेक करत. वर्षभरात रेवतीनं यांना पाहिलंच नव्हतं. मुलं मोठी झाली होती, काहींच्या डोळ्यांखाली तिच्या वयाची वर्तुळं होती. बघा रे, कसली ध्यानं दिसतोय आपण, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले, आणि ते हसणं एकाच वेळी इतक्या घरांतून आल्यामुळे लॅपटॉप चिरकला.

त्यानंतरचं रेवतीनं काही केलं नाही. केलं ते मुलांनी. लेक्चरच्या आधी यायचं आणि सगळ्यांनी माइक उघडे ठेवायचे, अशी पद्धत त्यांनी पाडली. कुणी बोलायलाच पाहिजे असं नाही. कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या आईची हाक, भाजीवाला, चिमण्या, हातोडी, सगळं एकत्र. त्याला ते ‘कल्ला’ म्हणायचे. रेवती मुद्दाम लवकर येऊन तो ऐकत बसायची. त्यांनी जोड्या लावल्या. जोडीदार कल्ल्याला दिसला नाही की फोन करायचा, रागावायचं नाही, कारण विचारायचं नाही, नुसतं ‘आहेस ना’ विचारायचं. नितेशनं श्वेताला रिग्रेशन फोनवरून शिकवलं. तीन वेळा चिडला, चौथ्यांदा तिला कळलं, तेव्हा जिन्यात ती इतक्या जोरात ओरडली की खालून आई धावत आली. या मुलांना हे कुणी सांगितलं, असं रेवतीला पुन्हा पुन्हा वाटायचं. कुठल्या वर्गात हे शिकवलं होतं? ती आणि तिच्या पिढीतली माणसं दाराबाहेर उभी राहून खाकरायची. ही मुलं दार ढकलून विचारत होती.

मग लवूंना ताप आला. श्वेता कल्ल्याला आली नाही, नितेशनं फोन केला, तेव्हा कळलं की त्यांना श्वास लागतोय आणि कुठल्याच हॉस्पिटलात खाट मिळत नाहीये. तो दिवस रेवतीला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवायचा. लेक्चर झालंच नाही. अख्खा वर्ग फोनला लागला होता. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत, एकजण विचारी, दुसरा लिहून घेई, तिसरा पुन्हा खात्री करी. मानसी आपल्या आईच्या मागे लागली. अबोल देवदत्त अनोळखी माणसांशी तासन्‌तास बोलत होता, न थकता, अदबीनं, पुन्हा पुन्हा तेच. रेवतीही फोन करत होती, पण तिला बोलता बोलता रडू यायचं आणि यांचे आवाज स्थिर होते. संध्याकाळी अंधेरीत खाट मिळाली. मिळाल्यावर देवदत्तला उलटी झाली, हे त्यानं फार उशिरा, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. लवू हॉस्पिटलात बरेच दिवस काढून घरी आले, अर्धे होऊन. त्यानंतरच्या एका कल्ल्यात श्वेताच्या चौकोनातून खोकला आला आणि लवूंचा खरखरीत आवाज, ‘‘बाई बोलतत काय गो? त्यांका सांग, मी आसंय म्हणान.’’

मे संपत आला होता. एका दुपारी रेवती इस्त्रीचे कपडे ठेवायला गंधालीच्या खोलीत गेली, तर पलंग हलवलेला. खिडकीखालून उचलून तो बेडरूमच्या भिंतीला लावला होता, जिथं उकाडा जास्त, वारा नाही. गंधाली पाय पोटाशी घेऊन त्यावर बसली होती. इथं कशाला आणलास, असं रेवतीनं सहज विचारलं.

‘‘इथून तुझं बोलणं ऐकू येतं,’’ गंधाली म्हणाली.

रेवती कपड्यांचा गठ्ठा तसाच छातीशी धरून उभी राहिली. गंधाली भिंतीकडे बघत बोलत होती, सावकाश, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. जानेवारीनंतर तिनं कॉलेजात काहीच दिलं नव्हतं. लेक्चर लावून ती झोपून राहायची. दिवसभर मॉडेलचा पुठ्ठा कापत असायची ती, निदान रेवतीला तसं वाटायचं. कटरचा कर्रकर्र आवाज दाराबाहेर येत राहायचा आणि पोरगी कामात आहे म्हणून रेवती निश्चिंत असायची. गंधालीनं पलंगाखालून एक खोका ओढला. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या. सारख्या मापाच्या, सरळ, सुबक, कशाच्याही न होणाऱ्या. ‘‘तुला आवाज यावा म्हणून कापायचे. नुसतं पडून राहिले असते तर तू आत आली असतीस.’’

रेवती पलंगाच्या कडेला टेकली. मुलुंडला, जुहूला, वाकोल्याला तिनं फोन केले होते, याच भिंतीच्या पलीकडे बसून. तिच्या ओठांवर आलं की मला का नाही सांगितलंस; ते तिनं गिळलं. गंधालीला ते दिसलं असावं. ती म्हणाली, ‘‘तसं नाही गं आई. तू त्या मुलांशी बोलायचीस ना, ते मी या भिंतीशी खाली बसून ऐकायचे. तू नितेशला म्हणालीस, आज आंघोळ केलीस तरी पुष्कळ झालं. मी ऐकलं आणि उठले आणि आंघोळ केली. तू कुणाला तरी म्हणालीस, ते गेलेलं नाही, दमलंय. ते मी खूप दिवस पुरवून वापरलं.’’ ती पुढे म्हणाली, ‘‘मग मीच काउन्सेलरला फोन केला, आमच्या कॉलेजच्या. दोनदा झालंय बोलणं. वर्ष जाईल बहुतेक माझं. जाऊ दे. पण मी सकाळी उठते आता.’’

रेवतीनं मुलीकडे पाहिलं. किती दिवसांनी, तिला सांगता आलं नसतं. ही दुसऱ्यांसाठी बोललेले शब्द भिंतीतून झिरपत येतील तसे गोळा करत होती आणि त्यांच्या आधारानं, कुणाला पत्ता लागू न देता, उठून उभी राहत होती. वाईट वाटत होतंच, ते आतून पोखरत होतं. पण त्याच्याही वर एक थक्क करणारी गोष्ट होती, की हिनं हे एकटीनं केलं. आपल्याच्यानं झालं नसतं, रेवतीला वाटलं. आपण फक्त नळ बंद करून बाहेर आलो.

‘‘मला सगळं सांगशील?’’ तिनं विचारलं.

‘‘आत्ता? तुझं लेक्चर आहे ना.’’

रेवतीनं फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, मला आज यायला जमणार नाही, घरी थोडं काम आहे. लगेच नितेशचा निरोप आला, आहात ना मॅडम? तिनं लिहिलं, आहे. मग फोन पालथा ठेवला. गंधाली बोलायला लागली. सरळ नाही, कुठूनही, मधेच थांबत, एखादी गोष्ट दोनदा. रेवतीनं मधे काही विचारलं नाही, डोळे पुसावेसे वाटले तरी हात हलवला नाही. इस्त्रीचे कपडे मांडीवर चुरगळत होते.

बेडरूममधला लॅपटॉप ती चालूच ठेवून आली होती. मुलं जमली असावीत, कारण भिंतीतून आवाज यायला लागले. कुकर, कुणाचा तरी खोकला, हसणं. मग गलका ओसरला आणि एकच आवाज उरला, नितेशचा, खणखणीत. आज शिकवायचा होता तो भाग तो मुलांना समजावून सांगत होता. गंधाली बोलता बोलता थांबली. दोघी ऐकत राहिल्या. रेवतीची मान नकळत किंचित तिरकी झाली.

‘‘चुकीचं शिकवतोय का?’’ गंधालीनं विचारलं.

‘‘थोडंसं.’’

‘‘मग जा ना. सांग त्यांना.’’

‘‘राहू दे,’’ रेवती म्हणाली, आणि पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसली. ‘‘काढतील ते शोधून. तू बोल.’’